वारा ड्रोनला जुन्या गावावर घेऊन गेला

मी दातांची डॉक्टर. चिपळूणला माझा दवाखाना आहे. दिवसभर माणसांच्या तोंडात, म्हणजे दोन बोटं उंचीच्या जागेत, डोकं घालून मी पन्नाशी ओलांडली. म्हणूनच असेल, मला उंचावरून लांबवर बघायची हौस लागली आणि मी एक छोटा ड्रोन घेतला. वजनाला एखाद्या मोठ्या हापूस आंब्याएवढा, चार पंखे, पोटाशी कॅमेरा. हातातल्या रिमोटला फोन अडकवला की त्याला दिसतं ते आपल्याला दिसतं. कोकणात मात्र तो मनासारखा उडवता येत नाही. जरा लांब गेला की डोंगर आडवा येतो, वर गेला की घारी अंगावर येतात.

"आमच्याकडं ये," संघमित्रा कधीपासून म्हणत होती. "इकडं आडवं यायला काहीच न्हाई."

संघमित्रा माझी वसतिगृहातली मैत्रीण. आम्ही तिला मित्रा म्हणतो. मूळची नांदेडची, आता देगलूरला गुरांची डॉक्टर आहे. यंदा मार्चच्या सुरुवातीला मी आठ दिवस दवाखाना बंद ठेवला आणि नांदेडच्या गाडीत बसले. परत आल्यावर लोकांनी विचारलं, कसा झाला प्रवास. मी किल्ल्याबद्दल, भाकरीबद्दल सांगते आणि थांबते. पुढचं एकदा नीट लिहून काढावं म्हणून हे.

कंधार

स्टेशनवर मित्रा आपली गाडी घेऊन आली होती. देगलूरला जाण्याआधी तिला कंधारला एक काम होतं, म्हणून आम्ही वाट वाकडी केली. तिकडची लाल कंधारी गाय मी पहिल्यांदा पाहिली. विटेच्या रंगाची, काळ्या पापण्यांची. मित्रा तिच्या पोटावर हात ठेवून उभी राहिली की दोघी एकमेकींना ओळखत असल्यासारख्या वाटायच्या.

काम संपल्यावर किल्ला बघितला. भोवती खंदक, आत ऊन आणि पारवे. मी पिशवीतून ड्रोन काढलेला बघून राखणदार शांतपणे जवळ आला.

"ते इथं न्हाई उडवायचं, मॅडम."

"परवानगी कुठं मिळेल?"

"मला म्हाईत न्हाई. पर न्हाई उडवायचं."

मी तो परत पिशवीत ठेवला. तटावर बसून आम्ही पाणी प्यालो. माझ्या पायाशी वाळलेलं गवत होतं, त्याचं पातंही हलत नव्हतं. वर मात्र एक घार पंख न हलवता आडवी सरकत चालली होती, कुणीतरी दोरीने ओढत न्यावं तशी. मी मित्राला दाखवलं. "वर वारा हाय," ती म्हणाली. मीही तेवढंच समजले.

देगलूर

देगलूरला दोन दिवस राहिले. तेलंगण आणि कर्नाटक दोन्ही इतके जवळ की मित्राच्या गल्लीतला किराणावाला गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतो, बायकोशी तेलुगूत आणि फोनवर कानडीत भांडतो. सकाळी मित्राच्या आईने चुरमुऱ्यांची सुशीला केली, दुपारी अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी. अंबाडीच्या आंबटपणाने माझे डोळे मिटले. आमच्याकडे आंबट म्हणजे कोकम, ते मागून हळूच येतं. हे समोरून येतं.

मित्राची आई ऐंशीच्या घरातली. त्यांच्या खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली वर्तमानपत्रांची चळत. मी अंगणात ड्रोन उडवून दाखवला. त्यांनी फोनच्या पडद्यावर स्वतःच्या घराचं छत बघितलं आणि म्हणाल्या, "छतावर माझी दस्ती पडलीय. चार महिने शोधून राहिले." दस्ती म्हणजे हातरुमाल. मित्राने शिडी लावून ती काढून आणली. ड्रोनचा एवढा उपयोग मला आजवर झाला नव्हता.

अंगणातला वारा अगदी मंद होता. त्यामुळे माझा धीर वाढला.

निलंग्याच्या पुढे

तिसऱ्या दिवशी मित्रा लातूर जिल्ह्यात एका शेतकऱ्याकडे देवणी बैल बघायला निघाली. मीही गेले. उदगीर, निलंगा, आणि मग जमीन जी सपाट होते ती होतच राहते. ज्वारीची काढणी चालू होती. कापलेल्या रानात कणसांचे ढीग, मधेच करडईचे पिवळे काटेरी पट्टे. मला या प्रदेशाची थोडी भीती वाटली, हे कबूल करते. आमच्याकडे घर झाडीत लपलेलं असतं, माणूस दिसायच्या आधी कुत्रं भुंकतं. इथे माणूस मैलभरावरून दिसतो आणि तुम्हीही त्याला दिसता.

मित्रा गोठ्यात गुंतली. मी जवळच्या माळावर गेले. दुपारचे चार वाजले असतील. हवा थबकलेली, पूर्वेला गढूळ ढग. नियम असा आहे की ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवायचा. मी तो नियम त्या दिवशी मोडला, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

ड्रोन वर गेला आणि मी त्याला पश्चिमेकडे सोडला. तो भलत्याच वेगाने पळाला. मला वाटलं, बॅटरी नवी आहे म्हणून. खालून ज्वारीची रानं, विहिरी, शेततळी सरकत होती. एक किलोमीटर, दोन, तीन. इतका लांब मी तो कधी नेला नव्हता. हातात गुदगुल्या झाल्यासारखं वाटत होतं.

मग मागे वळवायला गेले आणि वेगाचा आकडा शून्यावर आला. ड्रोनचं तोंड माझ्याकडे होतं, पंखे पूर्ण जोरात होते, आणि तो जागच्या जागी होता. थोड्या वेळाने आकडा पुन्हा वाढला, पण अंतरही वाढत होतं. तो माझ्याकडे तोंड करून मागे मागे चालला होता.

माळावर पान हलत नव्हतं. माझा पदरसुद्धा हलत नव्हता. आणि तिकडे, दिसेनाशा झालेल्या त्या वस्तूला कोणीतरी ओढून नेत होतं.

"मित्रा!" मी हाक मारली. ती हात पुसत आली.

खाली आणला असता तर वारा कमी लागला असता. हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी सुचलं नाही. निदान कुठे चाललाय ते दिसावं म्हणून मी ड्रोनचं तोंड पश्चिमेकडे फिरवलं आणि चित्र जवळ ओढलं. पडद्यावर बाभळी आल्या. बाभळींच्या मधून सरळ रेषा. काटकोन. चौकोनांमागे चौकोन. दगडी जोत्यांचे, कंबरेएवढ्या उरलेल्या भिंतींचे. मधून वळणं घेत गेलेल्या अरुंद गल्ल्या. एक अख्खं गाव, वरचा भाग कुणी खरवडून काढावा तसं.

"हे जुनं गाव," मित्रा हळू आवाजात म्हणाली. "भूकंपातलं."

किल्लारीच्या आसपास अशी गावं आहेत. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर लोकांना दुसरीकडे वसवलं, जुनी जागा तशीच राहिली. या गावाचं नाव मी लिहीत नाही.

त्या गल्लीत एक माणूस चालत होता. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो, कारण तो चालत होता ते विचित्र होतं. समोर मोकळी जागा होती. भिंत कधीच जमिनीला मिळालेली, नुसती दगडांची ओळ. दोन पावलांत तो पलीकडे गेला असता. पण तो त्या ओळीच्या कडेने लांब चालत गेला, कोपऱ्यावर वळला, पुन्हा वळला, आणि फिरून पलीकडे आला. पुढेही तसंच. एका ठिकाणी तर तो वाकला, कमी उंचीच्या दारातून जाताना वाकतात तसा, आणि मग सरळ झाला. तिथे काहीच नव्हतं.

मग तो थांबला. आधी बसला. मग आडवा झाला आणि हलेनासा झाला.

"याला ऊन लागलं," मी म्हणाले.

ड्रोन वाऱ्याबरोबर सरकतच राहिला. पडद्यावर बॅटरीची लाल खूण आली. ड्रोन जिथे होता तिथेच आपोआप खाली उतरायला लागला. बाभळी, दगड, एका कडुनिंबाची सावली. नंतर पडदा काळा.

ड्रोन गेला याचं मला त्या वेळी काहीच वाटलं नाही. तो माणूस तिथे एकटा पडला होता आणि हे फक्त आम्हाला माहीत होतं. आम्ही गाडीकडे धावलो.

नवं गाव

सरळ रेषेत चार-पाच किलोमीटरची ती वाट गाडीने बरीच लांब पडली. जुन्या गावाला जायचा रस्ता नव्या गावातून जातो. भूकंपानंतर वसवलेल्या या गावांचे रस्ते रुंद, घरं एकमेकांपासून फटकून, सगळं आखलेलं. आम्ही वेशीतून आत शिरलो आणि मित्राने वेग कमी केला.

सगळं गाव रस्त्यावर उभं होतं.

बायका, पुरुष, कडेवर मुलं. म्हातारी माणसं बाजेसकट उचलून आणलेली. घरांची दारं सताड उघडी. एका घरात टीव्ही चालू होता, कुठल्यातरी घरात दूध उतू जाऊन जळल्याचा वास येत होता, पण आत जाऊन गॅस बंद करायला कोणी जात नव्हतं. आणि एवढी माणसं असून आवाज नव्हता. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. बरेच जण खाली बघत होते.

एका उंच माणसाने हात वर करून आमची गाडी थांबवली. तो गावचा पोलीस पाटील होता, हे मागाहून कळलं.

"गाडी बंद करा, ताई," तो म्हणाला. "ऐकू येईना."

मित्राने किल्ली फिरवली आणि आम्ही खाली उतरलो. आता मलाही त्यांच्यासारखं ऐकावंसं वाटलं, आणि मी पायाखालच्या जमिनीकडे कान देऊन उभी राहिले. काय ऐकायचं ते मला माहीत नव्हतं. काही ऐकूही आलं नाही.

गर्दीच्या पुढे तो उभा होता. पांढरा सदरा, टोपी हातात, गालाला माती लागलेली. जिवंत. मला इतकं हायसं वाटलं की मी सरळ त्याच्याकडे गेले.

"तुम्ही मघाशी जुन्या गावात होता ना? पडला होता?"

"पडलो न्हाई," तो म्हणाला. "कान लावला जमिनीला. घुमत होतं. खालून घुमत होतं, तवाच्यावानी."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. चार पंखे, सव्वाशे मीटर उंचीवर, पूर्ण जोरात. भुणभुण. त्याने ती ऐकली होती आणि गावाला बाहेर काढलं होतं.

मित्रालाही कळलं. तिने माझा दंड धरला. "आत्ता बोलू नको," ती कानाशी पुटपुटली.

तेवढ्यात मागून कण्हण्याचा आवाज आला. एका म्हातारीला घाईत ओट्यावरून उतरवताना ती पडली होती. मनगट सुजून वाकडं झालं होतं. ती त्याच माणसाची चुलती होती, मथुराबाई. ते बघितल्यावर मला गप्प राहणं जमलं नाही.

मी पाटलांना सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. माझ्याकडे उडणारं यंत्र आहे. वाऱ्याने ते भरकटून जुन्या गावावर आलं. तो आवाज त्याचा होता. चूक माझी आहे. तुम्ही आत जा.

कोणी माझ्यावर ओरडलं असतं तर बरं झालं असतं. ते सगळे माझ्याकडे बघत राहिले. मग एका बाईने कडेवरच्या मुलाला खाली ठेवलं आणि ती रस्त्यातच बसून रडू लागली. दोन-तीन बायका घराकडे वळल्या. बाकीचे हलले नाहीत. ते माझ्याकडून त्या माणसाकडे बघायला लागले.

"बालाजी," पाटील म्हणाले, "ताई म्हणतात ते खरं हाय का?"

बालाजी पंचेचाळिशीचा असेल.

"असंल," तो म्हणाला. "पर आत जा म्हणायचं काम म्या करत न्हाई."

सरकारी दवाखाना

मित्राने फळीचा तुकडा आणि ओढणी घेऊन मथुराबाईंचं मनगट बांधलं. गुरांचे पाय बांधायची सवय असलेले तिचे हात फार हलके होते. मग आम्ही मथुराबाईंना आणि बालाजीला गाडीत घेतलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत मी तीनदा माफी मागितली. तिसऱ्या वेळी मथुराबाई म्हणाल्या, "गप बस गं बाई. हात जोडता येतो."

त्यांना आत नेल्यावर आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसलो. दिवेलागणीची वेळ. बालाजीने स्वतःहून सांगायला सुरुवात केली.

"त्या वक्ताला म्या बारा वर्साचा होतो. आदल्या वर्सी पण जमीन घुमायची. रोज थोडंथोडं. लोक बाहेर झोपायचे. मग काही होईना, थंडी पडली, लोक आत गेले. पुढं गणपती बुडवले, त्या रातीची गोष्ट. मी म्हणलो, बाहेर झोपू, आवाज येतोय. बाप म्हणला, काही न्हाई, आत चल. थोरला भाऊ आत गेला. मी रुसून ओट्यावर झोपलो."

एवढं सांगून त्याने टोपी मांडीवर ठेवली.

"तुम्ही गल्लीतनं तसं फिरून का जाता?" मी विचारलं. "भिंती तर नाहीत आता."

त्याला प्रश्नच कळला नाही. मी फोन काढला. उडताना ड्रोन जे दाखवतो त्याची प्रत फोनमध्ये राहते. मी त्याला ती लावून दिली. त्याने फोन दोन्ही हातांनी धरला आणि स्वतःला वरून चालताना बघितलं. कोपरा, वळण, पुन्हा वळण.

"दुसऱ्याच्या घरातनं कसं जावं," तो म्हणाला.

चित्र पुढे सरकलं. तो थांबला, बसला, आडवा झाला. बालाजीने फोन डोळ्यांजवळ नेला.

"हे परत लावा."

मी परत लावलं. त्याने बोट ठेवलं. चित्राच्या अगदी खालच्या कडेला झाडांची एक हिरवी रेघ होती.

"हा ओढा. तुमचं यंत्र अजून ओढ्याच्या तिकडं हाय. ओढा आमच्या आळीपासून अर्धा कोस."

"चित्र जवळचं दिसतंय," मित्रा म्हणाली.

चित्र मीच जवळ ओढलं होतं. पडद्यावर तो माणूस मोठा दिसत होता, म्हणून मी धरून चालले की ड्रोन त्याच्या डोक्यावर आहे. नव्हता. ड्रोन त्याच्यापासून किलोमीटरभर तरी दूर होता. ओढा कॅमेऱ्याखालून गेला तो खूप नंतर. बालाजी तोवर पालथा पडून ऐकत होता.

"वारा तुमच्या बाजूला वाहत होता," मित्रा त्याला म्हणाली. "वाऱ्यानं आवाज लांब जातो, भाऊ."

"जातो," बालाजी म्हणाला.

मग त्याने आपला फोन काढून बायकोला लावला. शोभा तिचं नाव. "चुलती बरी हाय. उद्या आणतो. तुमी आज बाहेरच झोपा." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "हाव, ताईचंच यंत्र होतं. तरीपण." आणि त्याने फोन ठेवला. पलीकडून दुसरा प्रश्न आला नव्हता.

जुनं गाव

रात्री आम्ही एका लॉजवर राहिलो. झोप लागेना, तेव्हा मी आणि मित्रा उठलो आणि दोन्ही पलंग भिंतीपासून दूर, खोलीच्या मधोमध ओढले.

सकाळी मथुराबाईंना घरी सोडलं आणि बालाजीबरोबर जुन्या गावात गेलो. त्याचं शेत त्या गावाला लागून आहे, म्हणून तो रोज तिथून जातो. हवा खरोखर शांत होती. त्याच्या मागून आम्हीही गल्लीगल्लीने, वळणं घेत चाललो. कुणी सांगितलं नव्हतं, पण दगडांची ओळ ओलांडायला पाय उचलेना. एका जोत्यावर जातं अर्धं मातीत होतं. चुलीच्या जागेत बाभूळ उगवली होती. पक्षी होते, पण ते गावाच्या कडेच्या झाडांवर. आत काही बोलत नव्हतं.

तो वाकला तिथे आम्हीही वाकलो.

ड्रोन कडुनिंबाखाली पडला होता. एक पंखा मोडलेला, बाकी ठीक. पिशवीत सुटा पंखा आणि बॅटरी होती. मी ती बसवत असताना बालाजी म्हणाला, "उडवा. मला ऐकायचाय."

मला ते नको होतं. तिथे तो आवाज करायचाच नव्हता. पण त्याचा हक्क होता. असं ठरलं की तो काल आडवा झाला त्या जागी उभा राहील, मी ड्रोन ओढ्याकडे नेईन, आणि ऐकू येतंय तोवर तो हात वर ठेवील.

ड्रोन उडाला. त्या रिकाम्या गावात त्याची भुणभुण फार मोठी वाटली. बालाजी डोळे मिटून, हात वर करून उभा. मी ड्रोन कालच्याच उंचीवर नेला आणि हळूहळू लांब सोडला. शंभर मीटर. दोनशे. त्याचा हात डगमगला. अडीचशेला हात खाली आला. मलाही तोवर काही ऐकू येत नव्हतं. ओढा अजून कितीतरी पुढे होता.

मी ड्रोन परत आणून उतरवला. पंखे थांबले.

"हा आवाज वरचा हाय," बालाजी म्हणाला. "बारीक हाय. काल हा पण आला, मागून. त्याच्या आधी जो होता तो हा न्हाई."

"मग काय होतं?" मित्राने विचारलं.

"ते म्या कसं सांगू? म्या ऐकलं."

तो आमच्याकडे उत्तर मागत नव्हता. पण मी काल साऱ्या गावासमोर उभं राहून आत जा म्हणाले होते. त्याच्या बापाने म्हटलं होतं तसंच. चिपळूणला पूर येऊन गेल्यापासून आमच्या गल्लीत पावसाचा आवाज जरा बदलला की बायका न बोलता धान्याचे डबे वरच्या मजल्यावर नेतात. त्या वेळी कोणी बाहेरचा माणूस येऊन "काही नाही, नुसता पाऊस आहे" म्हणाला तर आम्ही त्याचं ऐकू का? आणि ऐकलं, तर जबाबदारी कोणाची?

आम्ही परत नव्या गावात गेलो. पाटील आपल्या ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. मी त्यांच्यापुढे उभी राहून सांगितलं, "काल मी खात्रीने बोलले. आज मला ती खात्री नाही. बालाजीभाऊंनी आधी काहीतरी ऐकलं, ते माझ्या यंत्राचं नसावं. ते काय होतं मला माहीत नाही. कदाचित काहीच नसेल. पण माझ्या शब्दावर कोणी आत झोपू नये."

पाटलांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"बसा, ताई," ते म्हणाले. "तुमी काल सांगितलं, आमी ऐकून घेतलं. पर निम्मं गाव रातीला बाहेरच होतं. मी बी होतो."

त्यांच्या मागे, ओट्याच्या पलीकडे अंगणात, रात्रीच्या बाजा अजून तशाच मांडलेल्या होत्या. अंथरुणं गुंडाळून ठेवलेली. मग बालाजीच्या घरी शोभाने आम्हाला चहा दिला, शेंगांची पोळी दिली. मथुराबाई पांढऱ्या प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन शेजारणीशी बोलत होत्या. कोणी घाबरलेलं दिसत नव्हतं. दिवसाची कामं चालू होती. फक्त मला जाणवलं की घरात गेलेलं माणूस काम झालं की लगेच बाहेर येत होतं.

परतल्यावर

त्या दिवशी, त्यानंतरच्या दिवशी आणि त्यापुढेही काही झालं नाही. मी चिपळूणहून रोज लातूरच्या बातम्या बघत होते. मित्रा मला हसली आणि मग म्हणाली, ती पण बघते.

बालाजीने ते चित्रण मागितलं, मी पाठवलं. ते गावातल्या सगळ्या फोनवर फिरलं. म्हातारी माणसं पडद्यावर बोट ठेवून सांगतात म्हणे, हे अमक्याचं घर, ही तालीम, इथं आड होता. उत्तरेची आळी त्यात आली नाही, म्हणून त्या आळीतले लोक नाराज आहेत.

मी ते एकटीने पुष्कळदा बघितलं आहे. बालाजी थांबतो, तिथे मी कान देते, आणि दर वेळी लक्षात येतं की ड्रोन फक्त चित्र घेतो. त्यात आवाज नसतो. पांढऱ्या सदऱ्यातला माणूस जमिनीला कान लावून पडलेला आहे, आणि पडदा अगदी गप्प आहे.

गेल्या आठवड्यात मी त्याला फोन केला. मथुराबाईंचं प्लास्टर निघालं होतं, त्या भाकरी थापत होत्या. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. शेवटी मी विचारलं, "आता आत झोपता की नाही?"

"न्हाई अजून," तो म्हणाला. "पाऊस लागला की जाऊ."